शनीच्या वाटची काडी

माझ्या बागेत जुन्या जातीच्या सफरचंदांची चार झाडं आहेत, असं मी इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना सांगितलेलं आहे. ती जिवंत आहेत, असं मी कुठंही म्हटलेलं नाही. एकतीस वर्षं इथं विलायतेतल्या हॉस्पिटलांमध्ये भूल देण्याचं काम केल्यावर माणूस शब्द जपून वापरायला शिकतो. थिएटरबाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना मी आयुष्यभर एकच वाक्य सांगत आलो, "पेशंट स्टेबल आहे." हे वाक्य खोटं नसतं आणि त्यातून कुणाला काही कळतही नाही.

रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, क्रूझवर जातात. ईलिंगला राहणारा माझा मेहुणा राजीव, त्यानं छपराखाली लॉफ्ट, म्हणजे माळ्यावर एक खोली, काढून घेतली. मला बाग हवी होती, आणि तीही अशी तशी नको. सुपरमार्केटातली ती चकचकीत, एका मापाची सफरचंदं घरी कशाला लावायची? मी कॅटलॉग मागवला आणि त्यातल्या नावांनी माझा घात केला. कॅट्सहेड, ॲशमीड्स कर्नल, पीझगुड्स नॉनसच, ब्लडी प्लाउमन! फळं कसली, एखाद्या जुन्या क्लबाचे मेंबरच वाटत होते. ब्रॅकनेलच्या टोकाला आमचं घर, मागे बऱ्यापैकी जागा. चारही मागवली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगताना मलाच त्रास होतो. कॅट्सहेडला पाणी जास्त झालं. राजीव फोनवर म्हणाला, "भाऊजी, पाणी तोडा," म्हणून पीझगुडचं पाणी तोडलं, तो वाळला. सुप्रभानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, कढीपत्त्याला घालतात तसं आंबट ताक ॲशमीडच्या बुडात ओतलं. "आमच्या आईचा कढीपत्ता छपरापर्यंत गेला होता," असं ती आजही सांगते. ॲशमीड कुठंही गेला नाही. ब्लडी प्लाउमन एका हरणानं खाल्ला. भरवस्तीत हरीण कुठून आलं, असं मला विचारू नका. ते माझ्याकडे बघत बघत चावत होतं.

हा सगळा संहार कुंपणापलीकडून शांतपणे पाहणारे गृहस्थ म्हणजे शेजारचे मिस्टर टिडमार्श. वय सत्त्याऐंशी, पोस्टातून रिटायर झालेले, डोक्यावर बारा महिने तीच एक करडी टोपी. त्यांचा सल्ला दर वेळी एकच असायचा. "डॉक्टर, त्याला जरा एकटं सोडून बघा."

सल्ला द्यायचा त्यांना अधिकार होता. त्यांच्या बागेच्या कोपऱ्यात सफरचंदाचं एक साठ वर्षांचं झाड होतं. त्यांची बायको मार्जरी पहिल्या बाळंतपणाला हॉस्पिटलात होती, तेव्हा तिथं खाल्लेल्या सफरचंदाची बी तिनं रुमालात बांधून आणली आणि कुंडीत खोचली. त्याचं हे झाड. फळ हिरवं, एका गालावर लाल, आणि असं आंबट की कानशिलं दुखावीत. सुप्रभाला मात्र त्यात कैरी दिसली. तेव्हापासून दर सप्टेंबरात पलीकडून एक बादली सफरचंदं यायची आणि इकडून साखरांब्याच्या चार बरण्या जायच्या. मिस्टर टिडमार्श तो टोस्टवर लावून खायचे. मार्जरीला जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण ते झाडाला अजून "मार्जरीचं" म्हणायचे.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. घर विकायला काढलं आणि ते वोकिंगमला म्हाताऱ्यांच्या फ्लॅट्समध्ये जायला निघाले. नवीन घेणारं जोडपं तरुण, सज्जन. त्यांना त्या कोपऱ्यात एक खोली बांधायची होती, म्हणजे झाड जाणार. तसं सांगायला ती दोघं स्वतः केक घेऊन आली होती, त्यामुळे धड भांडताही येईना.

मी कौन्सिलला लिहिलं. इथं झाड तोडायला बंदी आणता येते, फक्त फॉर्म भरावा लागतो. चौदा प्रश्न होते, त्यातला सहावा असा, की झाड सार्वजनिक रस्त्यावरून दिसतं का? दिसत नव्हतं, कारण मधे माझी शेड होती. मी ऑफिसरबाईंना फोन करून बाणेदारपणे विचारलं, "समजा, ती शेड मी पाडली तर?" बाई अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "सर, त्या शेडची परवानगी घेतलेली आहे ना?" मी हवापाण्याविषयी दोन वाक्यं बोललो आणि फोन ठेवला.

मग आमच्या भागातल्या जुन्या बागा जपणाऱ्या ग्रुपच्या मिसेस पेनफोल्ड यांना बोलावलं. त्यांनी फळ हुंगलं, चिरलं, चावलं, एक डोळा मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही कुठल्याच पुस्तकातली जात नाही. बीपासून उगवलेलं झाड आपल्या आईसारखं नसतं. जगात हे असं एकच आहे." याच्या बिया लावल्या तर पुन्हा तिसरंच काहीतरी येणार. हेच झाड हवं असेल तर एकच वाट, हिवाळ्यात काड्या काढायच्या आणि वसंतात दुसऱ्या खुंटावर कलम करायचं.

मिस्टर टिडमार्श माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, तुमचे हात स्थिर आहेत. माझे राहिले नाहीत. कराल ना?"

चार खून पचवलेल्या माणसावर हा विश्वास! मी म्हटलं, "शब्द दिला."

जानेवारीत त्यांनी खालून बोट दाखवलं आणि मी शिडीवर चढून वीतभर लांबीच्या सात काड्या कापल्या. ओल्या कागदात गुंडाळून थंड जागी ठेवायच्या होत्या. आमच्या घरात कागद म्हणजे पुण्याची जुनी वर्तमानपत्रं. सुप्रभा तिकडून आणलेल्या सामानाभोवतीचा कागदसुद्धा टाकत नाही, पुन्हा पुन्हा वाचते. त्यातलाच एक ओला करून काड्या गुंडाळल्या आणि एका मोठ्या डब्यात ठेवून वर लेबल लावलं. "टिडमार्श. ७ नग. हात लावू नये." भूलतज्ज्ञ लेबल लावल्याशिवाय साधं पाणीसुद्धा सिरिंजमध्ये भरत नाही, ही आमची शिस्त. फ्रिजमध्ये ठेवायला सुप्रभानं साफ नकार दिला, "माझी कोथिंबीर आहे तिथं." म्हणून डबा गराजमध्ये गेला. तिथं तशीही फ्रिजपेक्षा जास्त थंडी असते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी करवत आली. सुप्रभानं खिडक्या लावून घेतल्या आणि उगाचच मिक्सर चालू केला. दुपारी कोपऱ्यात नुसतं आभाळ उरलं. त्या रविवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला वोकिंगमहून मिस्टर टिडमार्श यांचा फोन आला.

"झालं का, डॉक्टर?"

"झालं."

"आणि काड्या?"

"स्टेबल," मी म्हणालो. तेव्हापासून दर रविवारी सहाला फोन ठरलेला.

मार्चमधल्या एका शनिवारी मिसेस पेनफोल्डनी चर्चच्या हॉलमध्ये कलम शिकवण्याचा वर्ग ठेवला. नेमकी त्याच दिवशी राजीवच्या लॉफ्टची वास्तुशांत. सुप्रभाला तो आदल्या दिवशीच गाडीनं घेऊन गेला होता, मी वर्ग आटोपून जेवायला पोहोचायचं ठरलं. सकाळी गराजमध्ये गेलो तर डबा दिसेना. पण शेल्फवर वर्तमानपत्राची गुंडाळी होती, तेव्हा म्हटलं, ठीक आहे, डब्यापेक्षा काड्या महत्त्वाच्या. कागद वाळलेला वाटला. मनाशी म्हटलं, बरोबरच आहे, दोन महिने झाले.

हॉलमध्ये बारा जण, सगळ्यांपुढे आपापल्या काड्या आणि चाकू. माझी पाळी आली तेव्हा मी जरा भाषणच केलं. जगातलं एकमेव झाड, मार्जरी, रुमालातली बी. दोन बायकांनी डोळे टिपले. मग मी गुंडाळी उलगडली. आत लाल दोऱ्यानं बांधलेली वाळक्या काटक्यांची जुडी, सोबत दूर्वा आणि दर्भ, आणि एक छापील चिठ्ठी, "नवग्रह समिधा संच. तुळशीबाग, पुणे."

मिसेस पेनफोल्डनी एक काटकी उचलली. ती कटकन मोडली. "डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटतं, याला आता उशीर झालाय."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. होमाच्या समिधा सुप्रभानं नोव्हेंबरात पुण्याहून आणल्या होत्या, त्याही त्याच शेल्फवर. तिला पन्नास लाडू न्यायला मोठा डबा हवा होता. आमच्या घरात रिकामा डबा राहू शकत नाही, आणि भरलेला डबा रिकामा करता येतो. तिनं माझी गुंडाळी काढून समिधांशेजारी ठेवली, डब्यात लाडू भरले, आणि निघताना दोन पुणेरी गुंडाळ्यांतली एक उचलली. मार्जरीचं झाड होमात निघालं होतं!

फोन केला. सुप्रभाचा बंद, राजीवचा बंद, मंजिरीचा, म्हणजे राजीवच्या बायकोचाही बंद. सगळे देवासमोर बसलेले. जुडी उचलली आणि गाडी काढली. एम फोर मोटरवेवर ठरलेल्या वेगापेक्षा एक मैलही जास्त चालवली नाही, कारण कॅमेरे आहेत, आणि कायदा तो कायदा. ईलिंगला राजीवच्या गल्लीत पार्किंग फक्त रहिवाशांना, बाहेरच्यांनी ॲपवर पैसे भरायचे. ॲप डाउनलोड केलं. त्यानं ईमेल मागितली. ईमेलवर कोड पाठवला. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं म्हणालं. मी सगळं दिलं. पुढं अनेक महिने सुप्रभानं मला एकच प्रश्न ऐकवला, "अहो, तिथं काड्या जळत होत्या आणि तुम्ही पासवर्ड ठरवत बसला होतात?"

वर लॉफ्टमध्ये पोहोचलो तर धुरात काही दिसेना. मंजिरी खुर्चीवर उभी राहून टॉवेलनं स्मोक अलार्मला वारा घालत होती. दीनानाथ गुरुजी, जे सोमवार ते शुक्रवार आमच्या ब्रॅकनेलातच एका कंपनीचा डेटाबेस सांभाळतात, थर्मल बनियनवर उपरणं घेऊन खोकत होते. "फार ओल्या आहेत हो, नुसता धूर. हं, राजीवराव, शेवटची. शनैश्चराय नमः, स्वा..."

"थांबा!" मी ओरडलो.

उभ्या आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो नव्हतो. आमच्या धंद्यात आवाज चढवायचा नसतो. राजीवचा हात कुंडावर तसाच राहिला, काडीचं टोक जाळात. मी झेप घेऊन ती ओढली, बोटं भाजली आणि तुपाची वाटी लवंडली.

"डॉक्टर!" गुरुजी थक्क. "देवाच्या तोंडातला घास काढलात!"

"गुरुजी, ही शमी नाही. सफरचंद आहे."

"तरीच! मी म्हटलं, रुई, पळस, खैर, सगळं एकसारखंच कसं?"

"मग बोलला का नाहीत?"

"यजमानांनी दिलेलं सामान. या देशात जे मिळेल ते गोड मानून घ्यावं लागतं."

राजीवला वेगळीच काळजी. "गुरुजी, सहा ग्रहांना सफरचंद गेलं. लॉफ्टला चालेल ना?"

"सूर्यापासून शुक्रापर्यंत चालवून घेतील. भाव महत्त्वाचा," गुरुजी म्हणाले. "शनीला मात्र शमीच द्या. त्याच्याशी मस्करी नको." मी आणलेली जुडी पुढे केली. त्यातली शमीची काटकी शोधून शनीची भरपाई झाली आणि होम पुढे चालू झाला.

माझ्या हातात उरली एक काडी. टोक काळं पडलेलं, खाली तीन डोळे शाबूत. मला भयंकर राग आला होता. आता हिला चांगलं सुनवायचं म्हणून वळलो, तर सुप्रभा भिंतीला टेकून उभी. तिला सगळं कळलं होतं. "अहो, मी टिडमार्शना काय तोंड दाखवू?" एवढंच म्हणाली आणि पदराला डोळे पुसायला लागली. धुरामुळे सगळेच पुसत होते, पण मला फरक कळला. माझा राग कुठल्या कुठं गेला.

खाली जेवणाच्या टेबलावर माझा डबा होता, लेबलासकट. मंजिरी म्हणाली, "भाऊजी, हे टिडमार्श कोण? त्यांचे सात लाडू वेगळे आहेत का? तसं लिहिलंय म्हणून आम्ही कुणालाच वाढले नाहीत." खरंच, लाडूंना कुणीही हात लावला नव्हता.

जेवायला न थांबता परत निघालो. मिसेस पेनफोल्ड हॉलला कुलूप लावत होत्या. त्यांनी काडी पाहिली, काळं टोक पाहिलं. पुन्हा दार उघडलं. मी त्यांनी दिलेल्या कुंडीतल्या खुंटाला तिरका छेद दिला, काडीला तसाच दिला, साल सालीला जुळवली, टेप गुंडाळली. एकतीस वर्षं लोकांच्या नसा शोधल्या, पण हात एवढा जपून कधी चालवला नव्हता. "आता हिला एकटं सोडा," त्या म्हणाल्या. हा सल्ला मी कुठंतरी ऐकलेला होता.

पण एकटं सोडणं आमच्या रक्तात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर टेपच्या कडेनं पिवळी रेघ. रात्री राजीवबरोबर परतलेल्या सुप्रभानं हळद भरली होती. ती मी तशीच राहू दिली. शनिवारी मात्र ती तेलाची वाटी घेऊन कुंडीकडे निघाली तेव्हा मी आडवा आलो. शनीचं देणं मी शनीशी बघून घेईन म्हणालो.

एप्रिल उजाडला. गल्लीतल्या सगळ्या झाडांना पालवी फुटली, आमची काडी होती तशीच. राजीव फोनवर धीर द्यायचा, "शनी आहे भाऊजी, सावकाशच चालणार." आणि दर रविवारी सहाला वोकिंगम.

"कशा आहेत काड्या?"

"स्टेबल."

आमची वरदा मँचेस्टरला असते, जन्मानं इथलीच. तिला हे कळल्यावर ती भडकली. "बाबा, दॅट्स नॉट फेअर. तो त्यांची झाड आहे. यू हॅव टू टेल हिम." लिंगाचा घोळ होता, पण मुद्दा बिनचूक होता. मला रात्री झोप लागेना. लोकांना झोपवण्यात हयात घालवलेल्या माणसाची ही दशा! झोपवणं मुळात सोपं असतं हो, कुणालाही जमतं. पेशंट परत उठतो की नाही, हाच आमचा खरा घोर. थिएटरच्या दारात जो नातेवाईक उभा असतो ना, तो मला पहिल्यांदाच आतून कळत होता.

एका गुरुवारी सकाळी चहाचा कप घेऊन कुंडीपाशी गेलो. मधला डोळा फुगून टरारला होता आणि टोकाशी मुगाच्या दाण्याएवढं हिरवं दिसत होतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग "सुप्रभा!" अशी हाक मारली. आयुष्यात मी मोठ्यानं ओरडलो त्याची ही दुसरी वेळ.

रविवारी सहाला मी स्वतःच फोन लावला. "मिस्टर टिडमार्श, पेशंट शुद्धीवर आला." मग मी सगळं सांगून टाकलं. डबा, लाडू, होम, धूर. सहा गेल्या, एक राहिली. सगळी चूक आमची. आणि दर रविवारी तुम्हाला स्टेबल म्हणत राहिलो, तीही माझी.

"तुमच्या देवांसमोर जळल्या?" त्यांनी विचारलं.

"हो. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र."

"शुक्राला पण एक मिळाली? आमच्याकडं ती प्रेमाची देवी!" असं म्हणून ते हसायला लागले, ते खोकला येईपर्यंत हसले. "मार्जरीला हे आवडलं असतं, डॉक्टर. चर्चमध्ये तिला नेहमी मागच्या बाकावर जागा मिळायची." मग आवाज जरा बदलला. "व्हिजिटिंग अवर्स काय आहेत?"

पुढच्या रविवारी मी त्यांना गाडीनं घेऊन आलो. सुप्रभानं उरलेल्या साखरांब्याची शेवटची बरणी काढून ठेवली होती. आम्ही कुंडीजवळ खुर्ची मांडली. एव्हाना दोन पानं उलगडली होती, माझ्या नखाएवढी. मिस्टर टिडमार्श काठी टेकत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढ्या वर्षांत मी त्यांचं डोकं पहिल्यांदा पाहत होतो.

मला त्यांना बरंच काही दाखवायचं होतं. छेद कुठं आहे, हळद कुठं आहे, जळलेलं टोक कुठून कापलं. पण ते जरा पुढं वाकून पानांशी काहीतरी बोलायला लागले, आणि मी सवयीनं मागं सरकलो. नातेवाईक भेटायला आले की डॉक्टरनं तिथं उभं राहायचं नसतं. मी स्वयंपाकघरात आलो आणि दार हळूच ओढून घेतलं.

"चहा टाकू का?" सुप्रभानं विचारलं.

"दहा मिनिटांनी टाक," मी म्हणालो.